कासवीची दृष्टी

वेळापूरला मी पहिल्यांदा केव्हा गेलो ते मला सांगता यायचे नाही. वेळापूर माझे आजोळ. आणि आजोळच्या पहिल्या आठवणी आपल्या नसतातच, त्या आईच्या असतात. मला आठवते ते एवढेच, की एस्‌टीतून उतरले की मामा थांब्यावर उभे असत, माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावीत आणि घराकडे न जाता आधी मळ्याकडे वळत. "आधी त्येला भेटू, मग मामीला," असे म्हणत. हा 'तो' म्हणजे मळ्यातल्या विहिरीतले कासव.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले हे गाव वारकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. ज्ञानोबांची पालखी माळशिरसचा मुक्काम आटोपून वेळापूरला येते, रात्रीपुरती टेकते आणि दुसऱ्या दिवशी भंडीशेगावची वाट धरते. गावाआधी एक उतार लागतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी कथा आहे. म्हणून दिंड्या अजून या उतारावरून धावतात. सत्तरीची म्हातारी माणसे चपला हातात घेऊन धावताना मी पाहिली आहेत. ज्यांना 'धावा' म्हणजे काय हे पुस्तकातून समजून घ्यावे लागते, त्या आम्हां मराठीच्या मास्तरांना तो उतार पुष्कळ काही शिकवतो.

मोठा झाल्यावर माझ्या जाण्याला दुसरे एक निमित्त मिळाले. वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे आणि रामचंद्रदेव यादवाच्या काळातले, शके १२२२ आणि शके १२२७ चे मराठी शिलालेख या गावचे आहेत. ज्ञानेश्वरी सांगून झाली शके १२१२ मध्ये. म्हणजे हे लेख तिच्याहून दहापंधरा वर्षांनी धाकटे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या १९६३ सालच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथात ते वाचायला मिळतात. एम्‌. ए. ला असताना मी तो ग्रंथ बगलेत मारून देवळात जायचो आणि तिथून परतताना वाकडी वाट करून विहिरीवर जायचो. शिलालेखाने माझे पोट भरले हे खरे. पण आज लिहायचे आहे ते त्या विहिरीतल्या प्राण्याबद्दल.

मी चौथीत असताना मामांनी ते आणले. पावसाळ्याच्या तोंडी ओढ्यातून रस्त्यावर आलेले, तळहाताएवढे पिल्लू होते. विहिरीत कासव असले की पाणी स्वच्छ राहते आणि घरात लक्ष्मी टिकते, ही समजूत आपल्याकडे गावोगाव आहे. मामांनी ते टोपलीत घालून दोराने खाली सोडले. तेव्हा विहिरीला भरपूर पाणी असे. चिरेबंदी बांधकाम, एका अंगाला उतरायच्या पायऱ्या, आणि पाणी थेट चौथ्या-पाचव्या पायरीला लागलेले. दुपारी बाराच्या सुमारास ऊन सरळ आत पडे आणि ते चिमुकले जनावर पायरीवर येऊन मान ताणून बसे. आम्ही पोरे काठावर पालथे पडून बघायचो. पायांचा आवाज झाला की 'डुबुक्‌' करून ते नाहीसे होई. आम्हाला त्या 'डुबुक्‌'ची इतकी गोडी, की आम्ही त्याला धड पाच मिनिटे उन्हात बसू दिले नसेल.

पुढे दिवस बदलले. विहिरीवर विजेचा पंप आला, आजूबाजूला बोअर पडल्या, उसाने पाणी ओढले. पाणी पायऱ्या सोडून खाली गेले ते कायमचे. त्यातच कुठून तरी बातमी उठली, की वीस नखांचे कासव गुप्तधन दाखवते आणि असल्या कासवांना लोक लाखो रुपये मोजतात. या खुळापायी कासवे चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. मामांनी आपल्या कासवाची नखे मोजली नव्हती, पण चोरांचा भरवसा काय? त्यांनी विहिरीच्या तोंडावर लोखंडी चौकट बसवली, तीवर पत्रे ठोकले, एक झाकण ठेवले आणि त्याला कुलूप लावले. रोज सकाळी कुलूप काढायचे, भाकरीचा कुस्करा आणि मूठभर चुरमुरे टाकायचे, विजेरीचा झोत खाली सोडून ते दिसते का बघायचे आणि पुन्हा कुलूप. असे किती वर्षे? मोजली तर वीसच्या आसपास भरतील. "माझी नजर हाय त्येच्यावर," मामा म्हणत.

आणि मला त्यात काव्य दिसे! संतांच्या वाङ्मयात कासवीची एक सुंदर उपमा आहे. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, अंगाखाली घेत नाही. ती नुसती त्यांच्याकडे पाहते आणि त्या दृष्टीच्या पान्ह्यावर पिले वाढतात. ज्ञानेश्वरीत ही कल्पना येते, तुकोबांच्या अभंगांत येते. वर्गात ती शिकवताना मी मामांचे उदाहरण देत असे. विद्यार्थी भारावून ऐकत. एकाही विद्यार्थ्याने उठून विचारले नाही, की सर, ते कासव कसे आहे?

गेल्या वैशाखात विहीर पार तळाला गेली आणि मामांनी गाळ काढायला माणसे लावली. नेमका त्याच वेळी मी तिथे होतो. कासवाला वर काढून पाण्याच्या हौदात ठेवायचे ठरले. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात जनावरांचा डॉक्टर आहे. बारावीला मराठीत जेमतेम पास झालेला, पण माणूस सोन्यासारखा. त्याला मी सहज म्हणून बोलावले. तो आला तो वनखात्याच्या एका रक्षकाला बरोबर घेऊनच, आणि त्या रक्षकाच्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दुसरे एक कासव होते. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी बंद झाले होते आणि उरलेल्या डबक्यात कोणाच्या तरी जाळ्यात ते सापडले होते. डॉक्टरने वाटेत ते तपासायला घेतले होते.

अशी ती दोन कासवे मामांच्या ओसरीवर शेजारी शेजारी आली. जात एकच. पाठीवर कठीण ढाल नसून कातड्याने मढवलेले कवच, आणि पोटाकडून मागच्या पायांवर बंद होणाऱ्या दोन झडपा. आपल्या ओढ्या-तळ्यांत सर्रास आढळणारे कासव ते हेच. मोठेपणीचे आकारमानही दोघांचे जवळजवळ सारखे.

मामांनी दोघांकडे पाहिले आणि त्यांची छाती फुगली. त्यांचे कासव कसे गुटगुटीत, मानेपाशी नि पायांपाशी भरलेले. अंगावर एक ओरखडा नाही. आणि ते कालव्यातले? कवचाच्या कडेचा एक टवका उडालेला, ओठाजवळ गळाची जुनी खूण, पुढच्या पायाचे एक नख गेलेले, काखेत पाचसहा जळवा चिकटलेल्या.

"बिचाऱ्याची काय दशा झालीया बघा," मामा हळहळले. "डॉक्टर, आधी ह्येला औषध द्या. आमच्याला काय धाड भरली न्हाई."

डॉक्टर काही बोलला नाही. त्याने कालव्यातले कासव हातात घेतले मात्र, त्याने मान, पाय, शेपूट सगळे आत ओढून घेतले आणि झडपा अशा बंद केल्या, की नख शिरायला फट राहिली नाही. त्याला मोठ्या घमेल्यातल्या पाण्यात सोडले, तर ते दगडासारखे सरळ तळाशी गेले.

मग त्याने मामांचे कासव उचलले. त्याने पाय आत घेतले, पण अर्धेच. झडपा मिटल्या नाहीत. डॉक्टरने हलकेच मागचा पाय ओढला, तो ओल्या चिंधीसारखा आला. कवचाची कड बोटाने दाबली, ती दबली. पाठीवर पांढुरके चट्टे होते, ते मला आधी गाळाचे वाटले होते. पापण्या सुजून डोळे मिटलेले. पाण्यात सोडल्यावर ते बुडाले नाही. एका अंगाला कलून तरंगत राहिले.

"असं का पोहतंय ते?" मामांनी विचारले. आवाज जरा बदलला होता.

"एका बाजूच्या फुफ्फुसात बिघाड असला की असं कलतं, आबा," डॉक्टर म्हणाला. "आणि हे जे भरलेलं अंग दिसतंय ना, ते मांस नाही. ती सूज आहे."

मग त्याने समजावून सांगितले, ते मी आज माझ्या शब्दांत सांगतो. कासवाचे रक्त आपल्यासारखे स्वतःच्या उष्णतेवर चालत नाही. अन्न पचवायचे तर अंग तापावे लागते आणि ते उन्हानेच तापते. ओले कवच उन्हात वाळले की त्यावरचे शेवाळ आणि बुरशी मरते, जळवा गळतात. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर खाल्लेला चुना हाडांत जात नाही. कासवाचे कवच म्हणजे हाडच. तेव्हा ऊन तोडले की कवच मऊ पडते. भाकरी आणि चुरमुरे यांनी पोट फुगते, पण त्यात चुना जवळजवळ नाही आणि 'अ' जीवनसत्त्वाचीही वानवा. ते कमी पडले की पहिल्याने पापण्या सुजतात. मग दिसत नाही, दिसत नाही म्हणून खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी खंगते. कालव्यातल्या कासवाला शंख-शिंपले, बेडूक, कोळंबी, मासे, पाणवनस्पती, मेलेले जनावर, सगळे चालते. ते शोधायला त्याला पोहावे लागते, आणि त्यातच त्याचे पाय घट्ट होतात.

"त्याच्या अंगावर जखमा आहेत," डॉक्टर म्हणाला, "पण त्या भरून आल्यात. शरीरात ताकद असली की जखम भरते. जळवांतून रक्तात काही जंतूही गेले असतील. पण पोटभर खाणं आणि ऊन असलं की ते त्याला पुरून उरतं."

मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, की डॉक्टरची आणि माझी, दोघांची परीक्षा झाली.

"म्हंजी रानातली समदीच अशी ठणठणीत असत्यात का? एकबी आजारी पडत न्हाई?"

"पडतात की," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाला. "पण रानातलं आजारी कासव आपल्या दृष्टीला पडत नाही, आबा. त्याला कुत्रं खातं, कोल्हा खातो, गाडीखाली जातं. आपल्याला दिसतात ती त्यातून तगलेली. दोन कासवांवरून शास्त्र होत नाही."

"मग जगवलं तर म्याच की!" मामा एकदम म्हणाले. "ओढ्यात ऱ्हायलं असतं तर कवाच मेलं असतं."

"जगवलंत, हे खरं," डॉक्टर म्हणाला. पुढचे वाक्य त्याने उच्चारले नाही. ते आम्हां तिघांनाही ऐकू आले.

मामांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आसामात हाजोचे हयग्रीव माधव मंदिर, तेजपूरजवळचे नागशंकर मंदिर, आणि बांगलादेशात चितगावचा बायजीद बोस्तामी दर्गा, अशा ठिकाणच्या तळ्यांत एक काळे, मऊ पाठीचे कासव पिढ्यान्‌पिढ्या भाविकांच्या हातचे खाऊन राहिले आहे. २००२ साली ते रानातून नामशेष झाल्याचे जागतिक यादीत नोंदले गेले. पुढे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ते पुन्हा आढळले. पण मधल्या काळात त्या जातीचा वंश माणसाला माहीत होता तो देवळांच्या आणि दर्ग्याच्या आश्रयानेच. श्रद्धेने एक जात राखली, हे विसरून चालायचे नाही. मात्र नुसते खायला घालून ती रानात परत जात नाही. मादीला अंडी घालायला वाळू लागते, आणि तळ्याचे काठ सिमेंटने बांधले की तीच नाहीशी होते. म्हणून आता आसामातल्या देवळांतली अंडी जपून उबवतात आणि पिले रानातल्या पाण्यात सोडतात. जीव राखणे आणि त्याला धडधाकट ठेवणे या दोन गोष्टी आहेत. पहिलीचे पुण्य दुसरीच्या खात्यावर जमा होत नाही.

आपल्या भीमेच्या खोऱ्यातही असे एक कासव आहे. मुंबईच्या आरोग्यखात्यात काम केलेल्या डॉक्टर लीथ यांचे नाव त्याला मिळाले आहे. १८७२ साली ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे पहिले वर्णन केले ते पुण्याच्या नमुन्यावरून. पुण्याचे पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरीला चंद्रभागा होते. म्हणजे ते कासव, म्हटले तर, वारीच्या वाटेवरचेच. आज ते इतके दुर्मिळ झाले आहे, की २०२२ साली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत त्याला घालावे लागले.

संध्याकाळी कालव्यातल्या कासवाला घेऊन आम्ही नदीकडे गेलो. जळवा काढलेल्या होत्या. बाकी उपचार करण्यासारखे काही नव्हते. वाळूवर ठेवल्यावर ते क्षणभर थांबले, मान बाहेर काढली, आणि कासवाच्या चालीबद्दल आपण जे काही समजतो ते खोटे पाडीत पाण्यात घुसले.

मामांचे कासव मात्र सोडता येणार नव्हते. न दिसणाऱ्या, न बुडणाऱ्या प्राण्याला नदीत टाकणे म्हणजे त्याला मारणेच. शिवाय बंदिवासातले रोग तो रानातल्यांना देतो. वनरक्षकाने आणखी एक गोष्ट हळू आवाजात सांगितली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. ते घरात किंवा विहिरीत ठेवणे हा गुन्हा आहे. मामांचा चेहरा उतरला. पण त्यांनी आपण होऊन हवाली केले तसे लिहून घेतले गेले, आणि टोपलीत घालून ते उपचारासाठी गेले. ज्या टोपलीतून ते विहिरीत उतरले होते तशीच ती टोपली होती. मामीने टोपलीवर हळदकुंकू वाहिले. मामा गोठ्यात निघून गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचे कारण मामा नव्हते. पुण्याला माझ्या घरी खिडकीत काचेची एक पेटी आहे. मुलीच्या हट्टाने बाजारातून आणलेले, कानामागे तांबडा पट्टा असलेले, रुपयाएवढे हिरवे पिल्लू तीत राहते. आता ते रुपयाएवढे राहिलेले नाही. ही जात अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. मी डॉक्टरला सकाळी हळूच विचारले. खिडकीत ऊन येते की, मी म्हणालो. तो हसला. "सर, काचेतून उजेड येतो. ते किरण येत नाहीत." मग तो एकदम गंभीर झाला. "आणि कंटाळा आला म्हणून मुठेत नेऊन सोडू नका. ते तिथं जगेल, फोफावेल आणि आपल्या कासवांच्या तोंडचं काढून घेईल. आणि पेटीला हात लावला, की मुलीला साबणानं हात धुवायला लावा." या पिलांच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंनी मुले आजारी पडतात म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी घातली, हे त्याने मला सांगितले. जिथून ते प्राणी आले तिथली ही गोष्ट! आणि आम्ही ते हौसेने विकत घेतले.

निघण्यापूर्वी मी देवळात गेलो. शिवमंदिराच्या गाभाऱ्यापुढे दगडात कोरलेले कासव आपण नेहमी पाहतो. इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला गीतेने कासवाची उपमा दिली, ती आठवून आपण त्याला नमस्कार करतो आणि पुढे जातो. त्या दिवशी मी आवारातल्या कुंडाशी अधिक वेळ उभा राहिलो. जुन्या लोकांनी कुंडाला पाण्यापर्यंत पायऱ्या बांधल्या आणि वरचे आभाळ उघडे ठेवले. माणसाला उतरता यावे म्हणूनच त्या बांधल्या असतील. पण उतरणाऱ्याला जशी पायरी लागते तशी वर येणाऱ्यालाही लागते. आणि कासवीच्या दृष्टीचे काय? प्राणिशास्त्र सांगते, की कासवी वाळूत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिलांना ती कधी पाहतसुद्धा नाही. पहिले काही दिवस ती पिले अंड्यातून आणलेल्या बलकाच्या शिदोरीवर काढतात आणि मग ज्याचे त्याने. उपमा खोटी ठरली म्हणून मला वाईट वाटले नाही. संतांना सांगायचे होते ते देवाबद्दल. वाईट वाटले ते याचे, की मी ती माणसाला लावली.

आषाढात पालखीच्या वेळी मी पुन्हा गेलो. दिंड्या उतारावरून धावत आल्या, गाव गर्दीने भरले, मामांच्या अंगणात वारकऱ्यांची पंगत उठली. गडबड ओसरल्यावर मामा मला म्हणाले, "जाऊन आलो बघून."

"कसं आहे?"

"एक डोळा उघडलाय. दुसरा अजून न्हाई. हौदात फरशी टाकलीया, तिच्यावर उन्हात बसलं हुतं. गोगलगायी खातंय म्हणं." ते थोडे थांबले. "म्या हाक मारली. बघितलंबी न्हाई माझ्याकडं."

काय बोलावे ते मला सुचेना. मामा उठले आणि मळ्याकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. विहिरीवरचे पत्रे काढून बांधाला लावून ठेवले होते. पहिल्या पावसाचे थोडे पाणी आत साठले होते. पायऱ्यांपासून ते अजून पुष्कळ खाली होते. त्यात आता काहीच नव्हते. तरी ढग सरून ऊन पडले तसे आम्ही दोघेही काठावर बसलो आणि बराच वेळ आत पाहत राहिलो.